लहानपणीची जादूची कार्टून्स मोठेपणी पुन्हा बघावीत का?

माळवद

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

माझं गाव परभणी जिल्ह्यात, पूर्णेच्या काठाला. १९९० च्या आसपास आमच्या गल्लीत एकच टीव्ही होता, मोठ्या वाड्याच्या वसरीत. ब्लॅक अँड व्हाइट, सरकत्या लाकडी शटरचा. रविवारी येरवाळीच आंघोळ करून ओल्या डोक्यानं आम्ही पंधरा-वीस लेकरं तिथं फरशीवर मांडी घालून बसायचो. अँटेना माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट धाब्यावर. वारं सुटलं की एकानं वर चढून बांबू फिरवायचा आणि खालच्यांनी ओरडायचं, 'आलं, आलं, गेलं, जरासं मागं घे!' वर चढणाऱ्याचा तो भाग बुडायचा, म्हणून पाळी ठरलेली असायची.

ही-मॅन मी त्या टीव्हीवर बघितला. तलवार आभाळाकडं धरली की विजा कडाडायच्या आणि साध्या राजपुत्राचा पैलवान व्हायचा. त्याचा भित्रा वाघ एकदम चिलखत घातलेला लढाऊ वाघ व्हायचा. सोमवारी शाळेत आम्ही तुराटीच्या तलवारी करून तेच खेळायचो. तुराटी हातात मोडली की तो मेला, असा नियम होता.

मागच्या आठवड्यात माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला हौसेनं ते लावून दिलं. पहिली गोष्ट ही कळली की तो वाघ हिरवा आहे! इतकी वर्षं मी त्याला पिवळाच समजत होतो. दुसरी गोष्ट लेकीच्या लक्षात आली. "बाबा, हा सारखा तेच तेच पळतोय." खरंच होतं. तेच पळणं, तोच ठोसा, तेच वळून बघणं, मागचं चित्र तेवढं बदललेलं. दोन भाग बघून ती उठून गेली. मी एकटा बसून राहिलो आणि मन खूप उदास झालं.

मोगली अजून लावलेला नाही. धीर होत नाही. म्हणून विचारतो, तुम्ही बघितलीत का अशी कार्टून्स परत? बघावीत, की आहेत तशी आठवणीत राहू द्यावीत?

खाम

राहू द्या. मी एकदा बघून पस्तावलोय.

तेरणा

खामदादांशी सहमत नाही. मोगली बिनधास्त बघा. ती जपानची मालिका, निप्पॉन अ‍ॅनिमेशनची, १९८९ ची. एकूण ५२ भाग. आपल्याकडं हिंदीत आली तेव्हा गाणं गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजचं आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. मी दोन वर्षांपूर्वी सगळी सलग बघितली. नानांचा आवाज अजूनही पाठीच्या कण्यातून जातो. लहानपणी शेरखानची नुसती भीती वाटायची. आता त्या आवाजात एका लंगड्या जनावराचा अपमान ऐकू येतो.

आमच्याकडं धाराशिव तालुक्यात, मोगली टीव्हीवर लागला त्या वर्षी, काळं वासरू झालं, त्याचं नाव आम्ही बघीरा ठेवलं. आबांना ते नाव म्हणता येईना. ते त्याला 'भगीरथ' म्हणायचे. बैल म्हातारा होईपर्यंत दोन्ही नावांनी वळून बघायचा.

गोदाकाठ

भगीरथ! वा. आमच्या नांदेडात एका शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं नाव अंकल स्क्रूज होतं, डकटेल्समधल्या कंजूष बदकावरून. हाडं पुरून ठेवायचा.

चित्ररेषा

माळवद, तुमचं दुःख समजलं, पण ही-मॅनच्या बाजूनं थोडं बोलू द्या. मी मूळची अंबाजोगाईची, गेली सोळा वर्षं पुण्यात अ‍ॅनिमेशनमध्ये काम करते.

पडद्यावर एका सेकंदाला २४ चौकटी जातात. एक चित्र दोन चौकटी टिकवलं तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात. बावीस मिनिटांच्या भागाचा हिशेब करा, पंधरा हजारांच्या वर जातो. ही-मॅनचे १९८३ पासून १३० भाग झाले. ते काढणारी फिल्मेशन ही अमेरिकन कंपनी होती. त्या काळात तिथले बाकीचे स्टुडिओ चित्रं काढायचं काम जपान, कोरिया, तैवानला पाठवत होते, कारण तिकडं स्वस्तात व्हायचं. फिल्मेशननं ते केलं नाही. काम आपल्याच चित्रकारांच्या हातात ठेवलं.

मग परवडणार कसं? त्यांनी खऱ्या माणसांना पळायला, उडी मारायला, लढायला लावून त्याचं चित्रीकरण केलं, त्यावरून अतिशय मन लावून थोड्या हालचाली रेखाटल्या आणि त्याच सगळीकडं वापरल्या. तुमच्या लेकीनं पकडलेलं ते 'तेच तेच पळणं' म्हणजे तिथल्या चित्रकारांची रोजीरोटी टिकवायचा मार्ग होता. १९८९ ला ती कंपनी बंद पडली.

मी कॉलेजात असताना त्या पळण्याला हसत होते. कामाला लागल्यावर एकेक चित्र थांबवून बघितलं. खांद्याचं वजन पुढच्या पायावर कसं जातं ते बघा. ज्यानं काढलंय त्याला माणसाचं शरीर कळत होतं. लेकीला सांगा, तिची नजर चित्रकाराची आहे. बाकी कुणी एवढ्या लवकर पकडत नाही.

माळवद

चित्ररेषा ताई, हे सगळं लेकीला वाचून दाखवलं. ती परत येऊन बसली आणि आता मोजतेय. एका भागात तेच पळणं चार वेळा आलं. कंटाळून नाही, खेळ म्हणून मोजतेय. मनापासून आभार.

भंगारगल्ली

काहून नाही बघायचं? मी तर दर सहा महिन्यांला स्वॅट कॅट्स बघतो.

आमचं जालना. वडलांचा भंगाराचा धंदा, आता मी बघतो. गावात सळईचे कारखाने, त्यामुळं भंगाराला मरण नाही. १९९५ ला कार्टून नेटवर्क आपल्या देशात आलं. आमच्या केबलवाल्यानं लावलं तेव्हा सगळं इंग्रजीत. एक अक्षर कळायचं नाही. रात्री नवाला कार्टून बंद होऊन त्याच चॅनलवर जुने इंग्रजी सिनेमे सुरू व्हायचे, तेव्हा उठायचं.

त्यात ही दोन मांजरं. दिवसा भंगारात गाड्या दुरुस्त करायची, रात्री तिथंच लपवलेलं विमान घेऊन उडायची. मला वाटायचं, भंगारात राहायची त्यांची हौस. मग हिंदीत लागलं तेव्हा कळलं की ते दोघं आधी पोलिसासारख्या दलात पायलट होते. त्यांच्या साहेबानं ऐन वेळी आडवं पडून त्यांचं विमान पाडलं, ते मुख्यालयावर आदळलं, आणि नुकसान भरून द्या म्हणून दोघांना भंगारात कामाला लावलं. ते विमान त्यांनी फेकून दिलेल्या पत्र्या-नळ्यातून बनवलंय. लहानपणी वर्गात मला 'भंगारवाला' म्हणायचे. हे कळलं त्या दिवसापासून मला ते नाव कधी लागलं नाही.

ती मालिका १९९३ ते ९५ एवढीच चालली, अर्धे राहिलेले भाग पूर्ण केलेच नाहीत. ते दोन भाऊ होते बनवणारे, ट्रेम्बले. माझ्या दुकानात त्या विमानाचं चित्र आहे, पोरानं पत्र्यावर काढलेलं.

खाम

भंगारगल्ली, हे वाचून बरं वाटलं. माझा अनुभव वेगळा होता एवढंच. मी एक जुनी मालिका बघायला घेतली आणि दर पाच मिनिटांला मोबाइल बघत होतो. कार्टून तेच होतं. बघणारं पोरगं कुठं गेलं, याचं वाईट वाटलं.

पूर्णामाय

विषयांतर होतंय, पण रविवार सकाळ म्हटलं की मला टीव्हीच्या आधी सुशीला आठवतो. मुरमुरे भिजवून घट्ट पिळायचे, भरपूर कांदा, शेंगदाण्याचा कूट, वरून लिंबू. आई कढई थेट टीव्हीपुढं आणून ठेवायची, कारण कुणी उठायला तयार नसायचं.

तेरणा

कूट नंतर घालायचा की फोडणीत? आमच्यात नंतर.

पूर्णामाय

नंतरच. फोडणीत घातला की जळतो.

मांजराकाठ

मी बगत नाही. कारण सांगतो.

आमचं गाव औशाच्या पुढं, किल्लारीपासून लांब नाही. १९९३ ला मोगली लागायचा. मी आठ वर्षांचा होतो. गणपती बुडवून आलो, दमून झोपलो, आणि पहाटे चारच्या आत, ३० सप्टेंबरला, भूकंप झाला. माळवदाची घरं. दगड आणि माती. वरच्या धाग्यात माळवद म्हणलं की तुमच्या डोळ्यांपुढं अँटेना येतो, आमच्या डोळ्यांपुढं दुसरंच येतं. माझी धाकटी बहीण आणि आज्जी गेल्या.

पुढं आम्ही पत्र्याच्या शेडात राहिलो. काही महिन्यांनी शेडांच्या मधल्या मोकळ्या जागेत कुणीतरी टीव्ही आणला. रविवारी तेच गाणं लागलं. सगळी लेकरं पळाली. मी पण पळालो आणि निम्म्यात थांबलो, कारण बहिणीचा हात धरून पळायची सवय होती. तिथून माघारी आलो.

गाणं आताही कुठं लागलं तर मी वाईट वाटून घेत नाही. लेकरांना बगू देतो. पण मी बसत नाही.

माळवद

मांजराकाठ दादा, काय लिहावं सुचत नाही. माझ्या नावानं तुम्हाला त्रास झाला असेल तर माफ करा.

मांजराकाठ

नाव ठेवा. चांगलं नाव आहे. आमच्या घरात पण उन्हाळ्यात माळवदाचाच गारवा होता.

बिंदुसरा

मांजराकाठ भाई, तुमच्या बहिणीसाठी आणि आज्जीसाठी दुआ.

मी बीडचा. आमच्या दादीला हातिमताईच्या गोष्टी तोंडपाठ होत्या. रात्री अंगणात बाज टाकून ती सांगायची. सात सवाल, जादूचा हमाम, बोलणारी कवटी. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर ही-मॅनमधला तो कवटीचा चेहरा दिसला की मला वाटायचं, दादीची गोष्ट टीव्हीवाल्यांनी ऐकली कुठं? दादी स्वतः कधी टीव्हीसमोर बसली नाही. पण मी येऊन भाग सांगितला की ती ऐकून घ्यायची आणि मग म्हणायची, "हे तर काहीच नाही," आणि त्याच्यावर वरताण गोष्ट सांगायची.

आता बघितलं तर दादीचीच गोष्ट मोठी निघाली. ते कार्टून वीस मिनिटांत संपतं. तिचा एक सवाल तीन रात्री चालायचा. म्हणून माझं मत: बघा, पण बघून झाल्यावर तुमच्या घरात जे सांगणारं माणूस होतं ते आठवा. माझ्या मुलांना मी आता सांगतोय. चौथ्या सवालाला अडकलोय, पुढचं आठवत नाही, म्हणून बहिणीला फोन करून विचारतो.

वेरूळवाट

बिंदुसरा यांच्या पोस्टवरून. मी वेरूळला लेणी दाखवायचं काम करतो. १६ नंबरच्या कैलास लेण्यात मंडपाच्या दक्षिणेच्या भिंतीवर रामायण कोरलंय, उत्तरेला महाभारत. आडव्या पट्ट्या, एकावर एक, आणि पट्टीत प्रसंगामागून प्रसंग. लेकरांच्या सहली येतात तेव्हा मी ती भिंत शेवटी दाखवतो आणि म्हणतो, वरच्या कोपऱ्यातून सुरू करा, बोट फिरवत या. लेकरं लगेच समजतात. मोठ्यांना समजावून सांगावं लागतं.

मी लहानपणी बघितलेला रामायणाचा जपानी-भारतीय चित्रपट अजून मनात आहे. युगो साको नावाचे जपानी गृहस्थ १९८३ च्या सुमारास इथल्या रामायणाशी निगडित उत्खननावर माहितीपट करायला आले होते, त्यातून त्यांना ही गोष्ट सापडली. आपल्याकडचे कार्टूनपट करणारे राम मोहन त्यांच्यासोबत होते. हिंदीत रावणाचा आवाज अमरीश पुरींचा. १९९३ पर्यंत तयार होऊनही तेव्हा इथं तो थिएटरात नीट लागलाच नाही, आम्ही टीव्हीवर बघितला. २०२५ च्या जानेवारीत थिएटरात आला तेव्हा वडलांना घेऊन संभाजीनगरला गेलो.

लहानपणी मला त्यात कुंभकर्ण उठायचा प्रसंग आवडायचा, एवढं मोठं शरीर हलतंय म्हणून. या वेळी नजर रावणावर राहिली. कैलास लेण्यात रावण पर्वत हलवताना कोरलाय, वर पार्वती दचकून शंकराला बिलगलीय. ते शिल्प मी रोज दाखवतो. थिएटरात बसल्यावर वाटलं, त्याचे ते हात आत्ता हलले.

चित्ररेषा

वेरूळवाट, त्या पट्ट्यांना आम्ही आज स्टोरीबोर्ड म्हणतो. काम सुरू करण्याआधी सगळी गोष्ट अशीच चौकटीत काढून भिंतीला लावतो.

आणि आपल्या पैठणची चित्रं विसरू नका. पैठणीबद्दल सगळे बोलतात, या चित्रांबद्दल कुणी नाही. एकोणिसाव्या शतकात चित्रकथी लोक रामायण-महाभारताची मोठाली रंगीत चित्रं एकेक करून पुढं धरायचे आणि गोष्ट सांगायचे. पुण्याला केळकर संग्रहालयात आहेत. राक्षसांचे डोळे असे वटारलेले, रंग असे भडक, की माझ्या सोबतच्या मुलांनी विचारलं, हे कुठलं कार्टून?

औरंगपुरा

मी तुमच्यापेक्षा बराच लहान आहे, माझं लहानपण म्हणजे २००८. आमच्या वेळी अवतार: द लास्ट एअरबेंडर होतं. ६१ भाग. मी दहा वर्षांचा असताना त्यातले इरोह काका म्हणजे सारखा चहा पिणारा, खाण्यावर जीव असणारा विनोदी म्हातारा वाटायचे.

लॉकडाऊनमध्ये परत बघितलं. दुसऱ्या पर्वात एक भाग आहे. इरोह काका दिवसभर गावात भेटेल त्याला मदत करत फिरतात, रडणाऱ्या पोराला गाणं म्हणून हसवतात. संध्याकाळी टेकडीवर एका झाडाखाली जाऊन युद्धात गेलेल्या मुलाचं चित्र ठेवतात, त्याचा वाढदिवस असतो, आणि तेच गाणं म्हणताना त्यांचा आवाज फुटतो. ज्यांनी तो आवाज दिला ते माको नावाचे अभिनेते २००६ ला गेले, म्हणून तो तुकडा त्यांना अर्पण केलाय.

माझ्या मोठ्या चुलत्यांचा मुलगा मी लहान असताना अपघातात गेला. मोठे बाबा घरात सगळ्यांना हसवणारे. मी आजवर त्यांच्याशी त्या विषयावर एक शब्द बोललो नव्हतो. भाग संपल्यावर रात्री साडेदहाला त्यांना फोन केला आणि विचारलं, दादाचा वाढदिवस कधी असतो? ते म्हणाले, "तुला कसं आठवलं?" मग पाऊण तास बोलत होते. लहानपणी बघून हे झालं नसतं. परत बघितलं म्हणूनच झालं.

खाम

औरंगपुरा, मी माझं मत मागं घेतो. निदान अर्धं.

झेडपीमास्तर

मी हिंगोली जिल्ह्यात दुसरीच्या वर्गाला शिकवतो. आम्ही लहानपणी दूरदर्शनवर 'एक अनेक और एकता' पाहायचो. १९७४ चा फिल्म्स डिव्हिजनचा छोटा पट. विजया मुळे यांनी केलेला, चित्रं भीमसैन यांची. मुळेबाई २०१९ ला, नव्वदी बरीच ओलांडून गेल्या. त्यात पक्षी जाळ्यात अडकतात, सगळे मिळून जाळ्यासकट उडतात आणि उंदीर जाळं कुरतडतात. पंचतंत्रातली गोष्ट.

या वर्षी मी तो वर्गात लावला. पन्नास वर्षं होऊन गेली तरी लेकरं एकटक बघत होती. पाहून झाल्यावर विचारलं, काय समजलं? एकी, एकी, असा गलका झाला. पालावरून शाळेला येणारं एक लेकरू मागं गप्प होतं. त्याला विचारलं. ते म्हणालं, "सर, जाळं गेलं तर त्या माणसाच्या लेकरांनी रात्री काय खाल्लं?"

मी तो पट निदान तीस वेळा पाहिला असेल. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. दोन दिवस माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिसऱ्या दिवशी वर्गाला म्हटलं, गोष्ट पुढं लिहा. एका मुलीनं लिहिलं की पक्ष्यांनी त्याला दुसरं काम शिकवलं. त्या लेकरानं लिहिलं की उंदरांनी त्याचं जाळं शिवून दिलं. दोन्ही कागद माझ्या टेबलाच्या काचेखाली आहेत.

गौताळा

मास्तर, तुमच्या त्या लेकराला माझा नमस्कार सांगा.

मला डकटेल्सबद्दल बोलायचंय. ती १९८७ ची मालिका, रविवारी दूरदर्शनवर हिंदीत. त्यातल्या लाँचपॅड नावाच्या पायलटनं विमान आदळलं की आमचा भाऊ खाटेवरून खाली उडी मारायचा. आता लेकीबरोबर बघते तेव्हा वेबी नावाच्या छोट्या मुलीकडं लक्ष जातं. स्क्रूजचे तीन नातू खजिना शोधायला निघाले की तिला बऱ्याचदा मागं ठेवायचे, लहान आहेस म्हणून, मुलगी आहेस म्हणून. तेव्हा मला ते खटकलंसुद्धा नाही, कारण घरात तसंच होतं. २०१७ ला तीच मालिका नव्यानं आली, त्यात वेबी सगळ्यांच्या पुढं पळते. माझ्या लेकीला नवी आवडते. मला जुनीच गोड वाटते, पण जुनी लावली की मी मधे थांबवून लेकीशी बोलते.

भंगारगल्ली

कार्टून मधे थांबवलं तर मजा जाते ना ताई?

गौताळा

जाते थोडी. जाऊ द्या. तेवढी मजा गेली तरी चालेल.

हापसा

दोन दिवस वाचतेय. लिहू की नको असं चाललं होतं. गौताळा ताईंचं वाचून लिहितेय.

तुम्ही सगळे 'परत बघावं का' म्हणताय. मी पहिल्यांदाच बघितलं, बेचाळिसाव्या वर्षी.

आमचं गाव पाटोदा तालुक्यात. दिवाळी झाली की माय आणि बाबा कारखान्याला ऊस तोडायला जायचे, ते उन्हाळा लागल्यावर परत. मी आणि धाकटा भाऊ आज्जीजवळ. आज्जीला पाणी ओढणं होत नव्हतं. शाळेच्या दिवशी मी पहाटेच एक-दोन खेपा करायची, पण रविवारी सगळं पाणी माझ्याकडं. हापशाला घागरींची रांग. शंभर हापसे मारले की एक घागर, असं आम्ही मोजायचो. टीव्ही होता त्या घराची भिंत हापशापासून वीस पावलांवर. मोगलीचं गाणं मला पाठ होतं, कारण ते ऐकू यायचं. शेरखानचा आवाज यायचा. पोरं ओरडायची ते यायचं. मधेच लाइट गेली की सगळी बाहेर यायची, तेव्हा मला बरं वाटायचं. हे खरं सांगतेय.

भाऊ रात्री मला सगळा भाग सांगायचा. अंथरुणात पडल्या पडल्या, हातवारे करून. बल्लू काय म्हणाला, बघीरा कुठं लपला, का नावाचा अजगर कसा झुलतो. आणि त्याच्या प्रत्येक गोष्टीत एक मुलगी असायची. ती जंगलाच्या काठाला हापशावर पाणी भरायची. शेरखान कुठून निघालाय ते तिला तिथून आधी दिसायचं. मग ती हापशाचा दांडा तीनदा जोरात वाजवायची आणि मोगलीला समजायचं. तिच्यामुळं मोगली दर वेळी वाचायचा. मला सगळ्यांत जास्त तीच आवडायची.

मी आता आरोग्यसेविका आहे. उपकेंद्रातून घरी यायला रात्र होते. मागच्या पावसाळ्यात लेकानं मोबाइलवर मोगली काढून दिला. रोज जेवण झाल्यावर एक, कधी दोन भाग. मी त्या मुलीची वाट बघत होते. दहा भाग झाले, वीस झाले. वाटलं, पुढं येईल. बावन्नावा भाग संपला. मोगली शेवटी माणसांत राहायला जातो. मी डोळे पुसले आणि मग लक्षात आलं, ती आलीच नाही.

रात्री अकरा वाजता भावाला फोन लावला. तो चाकणला कंपनीत असतो, सेकंड शिफ्टवरून नुकताच आला होता. म्हटलं, "अरे, ती हापशावरची मुलगी कुठंय?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आक्का, ती नव्हतीच. तू पाण्याला जायचीस म्हणून मला आत बसवत नव्हतं. मग तुला गोष्टीत घेतलं."

तेव्हा तो सात वर्षांचा होता.

पूर्णामाय

ताई.

बिंदुसरा

माझ्या दादीनं हे ऐकलं असतं तर म्हणाली असती, याला म्हणतात गोष्ट. आणि याच्यावर वरताण सांगायला गेली नसती.

चित्ररेषा

मी हे ऑफिसात वाचलं आणि उठून जिन्यात जाऊन उभी राहिले. हापसा ताई, तुमची आणि तुमच्या भावाची परवानगी असेल तर मला ती मुलगी काढायची आहे. फक्त काढून तुम्हाला पाठवायची आहे, बाकी कुठं नाही. कशी होती ती? केस कसे, अंगात काय?

हापसा

भावाला विचारलं. तो म्हणतो, दोन वेण्या, लाल रिबिनी, निळा परकर. आणि घागर पितळेची. आमच्याकडं पितळेची नव्हती, प्लास्टिकचा हंडा होता. पण त्यानं तिला पितळेची दिली होती म्हणे.

मांजराकाठ

ताई, तुमच्या भावाला माझा रामराम. माझं मत बदललं नाही, मी बसत नाही. पण काल रात्री माझ्या लेकाला बहिणीबद्दल सांगितलं. आजवर नाव सांगितलं होतं, गोष्ट कधी सांगितली नव्हती. ती कशी पळायची, ते सांगितलं.

चित्ररेषा

हापसा ताई, चित्र पाठवलंय. दांड्यावर दोन्ही हात, एक पाय उचललेला, नजर जंगलाकडं. ही-मॅनच्या पळण्यात ते वजन पुढच्या पायावर यायचं ना माळवद, तेच इथं वापरलंय. हापसा मारताना अंगाचं वजन तसंच येतं.

हापसा

मिळालं. भावाला पाठवलं. त्याचा अजून काही उलटा मेसेज आला नाही. बघितलंय, निळी खूण आलीय.

माळवद

मंडळी, काल मोगली लावला. लेक, मी आणि माझी आई. पहिले दोन भाग झाले. जंगलाची हिरवाई तर मी पहिल्यांदाच बघितली, आमच्या टीव्हीवर सगळं करडं होतं. नाही, उदास नाही वाटलं.

एक अडचण झालीय. हा सगळा धागा मी आधी लेकीला वाचून दाखवला होता. आता ती दर थोड्या वेळानं विचारते, "हापशावरची कधी येणार?" मी अजून काही सांगितलेलं नाही. हापसा ताई, तुम्हीच सांगा, काय म्हणू?

हापसा

म्हणावं, पाण्याला गेलीय. नंबर लागला की येते.